हळदीची वाळवण : रंग, वास आणि भाव नेमका कुठे ठरतो

सौद्याच्या वेळी खरेदीदार ढिगातून मूठभर हळकुंडे उचलतो, त्यातले एक मोडतो, मोडलेले तोंड उजेडाकडे धरून पाहतो आणि नाकाजवळ नेतो. एवढ्यावर तो भाव बोलतो. वर्षभराची लागवड, खते, पाणी आणि मजुरी यांचा हिशेब त्याला दिसत नाही. त्याला दिसते ते त्या मोडलेल्या तोंडाचे पिवळेपण एकसारखे आहे की मध्ये काळसर ठिपका आहे, आणि वास खमंग आहे की कुबट. यांतल्या बऱ्याचशा गोष्टी काढणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत ठरतात. हळद काढून शिजवेपर्यंत पुष्कळ शेतकरी जिवापाड काळजी घेतात आणि एकदा ती खळ्यावर पसरली की पुढचे काम उन्हावर सोपवून मोकळे होतात. या लेखाचा रोख त्या मोकळ्या सोडलेल्या दिवसांवर आहे. सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड या पट्ट्यांत रूढ असलेली पद्धत धरून पुढील माहिती दिली आहे.

वाळवताना जपायच्या गोष्टी मुख्यतः तीन. पहिली रंग, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जोडीची द्रव्ये. दुसरी वास, म्हणजे हळदीतील उडून जाणारे तेल. तिसरी स्वच्छता, म्हणजे बुरशी, माती आणि जंतू यांपासून बचाव. या तिघींचे शत्रू वेगवेगळे आहेत. रंगाला प्रखर प्रकाश आणि अल्कधर्मी पदार्थ बाधतात, तेलाला जास्त उष्णता बाधते आणि स्वच्छतेला रेंगाळणारा ओलावा. त्यामुळे भरपूर ऊन दिले की हळद चांगली होते, हा सरधोपट समज अर्धाच खरा आहे. हळद लवकर वाळली पाहिजे, पण तापून भाजली जाता कामा नये, आणि हे संतुलन प्रत्येक टप्प्यावर थोडे वेगळ्या प्रकारे साधावे लागते.

काढणी आणि प्रतवारी

लागवडीनंतर साधारण आठ ते नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळू लागतो आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. काढणीपूर्वी पाणी तोडावे, पाला जमिनीलगत कापून घ्यावा आणि जमिनीला काही दिवस ऊन खाऊ द्यावे, म्हणजे गड्डे मातीतून सहज सुटतात. खणताना किंवा ट्रॅक्टरच्या अवजाराने काढताना जे कंद कापले जातात, ते बाजूला ठेवावेत. कापलेल्या तोंडातून बुरशी सर्वांत आधी शिरते, आणि असे दहा-वीस कंद चांगल्या मालात मिसळले की पुढे पोत्यात त्यांचा वास सगळ्यांना लागतो.

मोडणी करताना जेठे गड्डे (मधले मुख्य कंद), बगल गड्डे (त्यांच्या बाजूला आलेले कंद), हळकुंडे (बोटांसारखे लांबट भाग) आणि सोरा गड्डे अशी चार भागांत विभागणी करावी. सोरा गड्डा म्हणजे लागवडीच्या वेळी लावलेला जुना बेण्याचा गड्डा. तो काळपट, सुरकुतलेला असतो आणि त्याला चांगल्या मालात जागा नाही. येथे थोडा जास्त वेळ घालवणे परवडते, कारण वाळवणीतले निम्मे दोष आकार सरमिसळ ठेवल्याने होतात. करंगळीएवढे हळकुंड आणि मुठीएवढा गड्डा एकत्र शिजवले, तर एक गळतो आणि दुसरा कच्चा राहतो. एकत्र वाळवले, तर एक कोरडा ठणठणीत होतो तेव्हा दुसऱ्याच्या पोटात पाणी असते. मोठे जेठे गड्डे शिजवण्यापूर्वी मधोमध चिरून घेण्याची पद्धत चांगली आहे.

काढलेली हळद शिजवण्याची पाळी येईपर्यंत उघड्या उन्हात ठेवू नये. ती सावलीत, पाल्याने झाकून ठेवावी आणि शक्य तर दोन-तीन दिवसांत शिजवावी. हळद वाफेवर शिजवणारा बॉयलर भाड्याने आणावा लागतो आणि हंगामात त्याचा नंबर लागायला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. म्हणून आधी बॉयलरची तारीख पक्की करून मग काढणीला हात घालावा, हा क्रम सोयीचा पडतो.

शिजवणी : वाळवणीचा पाया येथेच पडतो

हळद शिजवण्यामागे तीन हेतू असतात. कंदाचा जीव संपतो, त्यामुळे तो पुन्हा कोंब धरत नाही. आतील पिष्ट फुलून एकजीव होते आणि रंग सर्व भागांत सारखा पसरतो. कंदातील पेशींची बांधणी सैल झाल्याने पाणी बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा होतो आणि वाळण्याचा काळ कमी होतो. शिवाय कच्च्या हळदीचा उग्र वास जातो, तो वेगळाच.

पारंपरिक पद्धतीत रुंद लोखंडी काहिलीत हळद भरून ती बुडेल आणि वर चार बोटे राहील इतके पाणी घालतात, वर पाला आणि बारदान झाकून खाली जाळ करतात. यात तळाची हळद गळण्याची आणि वरची कच्ची राहण्याची भीती असते. शिवाय एकाच पाण्यात घाणीमागून घाणी (घाणी म्हणजे एका वेळी शिजवलेला माल) शिजवली, तर ते पाणी चिखलासारखे होते आणि ती माती हळकुंडांच्या सालीवर बसते. सच्छिद्र ड्रममध्ये हळद भरून ते ड्रम काहिलीत सोडण्याची सुधारित पद्धत बरी, कारण सगळा माल एकदम आत जातो आणि एकदम बाहेर येतो. वाफेवर शिजवणारा बॉयलर सर्वांत चांगला. त्यात कंद पाण्यात बुडत नाहीत, इंधन कमी लागते, वेळ मिनिटांत मोजता येतो आणि शिजवणी सर्व ड्रममध्ये जवळपास सारखी होते. इंधन म्हणून हळदीचा वाळलेला पालाही चालतो.

शिजल्याची खूण घड्याळावरून ठरवू नये, कारण जात, कंदाची जाडी आणि जाळ यांनुसार वेळ बदलतो. काहिलीत फेस येऊन हळदीचा ठरावीक वास सुटू लागला, किंवा ड्रमच्या झाकणाभोवतून सगळीकडे जोराची वाफ येऊ लागली, की नमुना काढावा. टोक बोथट असलेली लाकडी काडी हळकुंडात दाबून पाहावी. ती फारसा जोर न लावता आरपार गेली पाहिजे. मग एक हळकुंड मोडून पाहावे. आतून सगळीकडे सारखा पिवळा-केशरी रंग दिसला तर शिजले. मध्ये फिकट, पिठूळ गाभा राहिला असेल तर आणखी थोडा वेळ द्यावा. बोटांत धरताच लगदा होत असेल तर वेळ टळून गेली.

कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते आणि पॉलिश करताना तिचा चुरा पडतो. जास्त शिजलेल्या हळदीचा रंग मलूल होतो, कारण लांबलेल्या उकळीत कर्क्युमिन घटते. हे दोन्ही दोष पुढे कितीही चांगली वाळवण केली तरी भरून निघत नाहीत. उकळत्या पाण्यात सोडा किंवा चुना टाकून रंग खुलवण्याची जुनी युक्ती अजूनही काही जण सांगतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. पण हा रंगबदल म्हणजे कर्क्युमिनच्या रचनेत झालेला फेरफार असून अल्कधर्मी पाण्यात ते झपाट्याने विघटित होते. पाण्यात शेण कालवण्याची पद्धत तर खाद्यपदार्थाच्या बाबतीत कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. स्वच्छ पाण्याखेरीज शिजवणीत काहीही घालू नये.

शिजलेली हळद ड्रममधून काढली की निथळून लगेच पसरावी. गरम ढीग तसाच रात्रभर ठेवला, तर आतली उष्णता शिजवणी चालूच ठेवते आणि मधला माल गळतो. वर दमट उबेत आंबूसपणा येतो. रात्री उशिरा शेवटची घाणी काढून ढीग टाकून झोपायला जाणे हे मजुरांच्या दृष्टीने स्वाभाविक आहे, पण त्या ढिगाची हळद पुढे डाग धरते. शेवटची घाणी सूर्य मावळण्याआधी निघेल, असा दिवस आखावा.

वाळताना आत काय घडते

शिजलेल्या हळदीत वजनाच्या साधारण चार पंचमांश पाणी असते. एकरी १०० क्विंटल ओली हळद धरली आणि तिच्यातील पाणी ८० टक्के मानले, तर १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर सुमारे २२ क्विंटल माल उरतो. म्हणजे जवळपास पावणेआठ हजार लिटर पाणी हवेत सोडावे लागते. प्रत्यक्ष उतारा जात, जमीन आणि पक्वता यांनुसार बराच वरखाली होतो.

हे पाणी दोन टप्प्यांत जाते. पहिल्या काही दिवसांत सालीलगतचे पाणी उडते. त्याला वारा आणि कोरडी हवा लागते. नंतर गाभ्यातील पाणी हळूहळू सालीपर्यंत सरकते आणि मग उडते. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ फार ओढून आखूड करता येत नाही. सुरुवातीलाच कडक उष्णता दिली, तर बाहेरचा थर आक्रसून टणक होतो आणि गाभ्याचे पाणी आतच कोंडले जाते. वरून खडखडीत, पोटात ओली अशी ही हळद पोत्यात भरल्यावर काही आठवड्यांनी आतला ओलावा पुन्हा सगळीकडे पसरतो आणि बुरशी दिसू लागते. खरेदीदाराला मोडलेल्या तोंडात जो काळसर गाभा दिसतो, तो बहुधा या घाईचा किंवा कच्च्या शिजवणीचा असतो.

उन्हातील वाळवण

महाराष्ट्रातील बहुतेक हळद आजही उन्हातच वाळते, आणि फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी हवा लक्षात घेता ते योग्यही आहे. पद्धत नीट पाळली तर उन्हात वाळवलेली हळकुंडे कोणत्याही यंत्रात वाळवलेल्यांच्या तोडीस उतरतात.

जागेची निवड प्रथम. उघड्या मातीवर किंवा सारवलेल्या खळ्यावर हळद पसरू नये. माती सालीच्या सुरकुत्यांत बसते, पॉलिशमध्येही पूर्ण निघत नाही आणि जंतूंचा शिरकाव तेथूनच होतो. सिमेंटचा कोबा उत्तम, पण तो आधी झाडून, धुऊन, वाळवून घ्यावा. ताडपत्री सोयीची असली तरी खालून हवा लागत नसल्याने पहिल्या दोन दिवसांत हळदीखाली पाणी साचते. म्हणून त्या दिवसांत उलथणे वाढवावे लागते. बांबूच्या चटया मधला पर्याय ठरतात. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीवर जाळी ताणून त्यावर हळद पसरली तर दोन्ही बाजूंनी वारा लागतो, कुत्री-कोंबड्यांचा वावर टळतो आणि पाऊस आलाच तर खालून पाणी वाहून जाते. खर्च पहिल्या वर्षी जाणवतो, पण जाळी आणि डांब पुढे अनेक हंगाम चालतात. ज्यांना चांगल्या प्रतीच्या पावडरीसाठी स्वतः विक्री करायची आहे, त्यांनी निदान आपल्या वाट्याच्या मालापुरती तरी अशी जाळी करावी, असे माझे मत आहे.

थराची जाडी ५ ते ७ सेंटिमीटर ठेवावी. यापेक्षा जाड थर केला तर खालचा माल घामेजतो. पातळ थराने लवकर वाळेल, असे वाटणे साहजिक आहे; पण एकेरी पसरलेल्या हळकुंडांवर दिवसभर थेट ऊन पडते आणि कर्क्युमिन प्रकाशाला नाजूक असल्याने वरची बाजू विटते. थोडा थर असला की हळकुंडे एकमेकांवर सावली धरतात आणि उलथताना पाळीपाळीने ऊन खातात.

पहिल्या तीन दिवसांत सकाळी दव उतरल्यानंतर, दुपारी आणि चारच्या सुमारास असे तीनदा लाकडी दाताळ्याने उलथावे. लोखंडी दाताळ्याने मऊ साल खरवडली जाते. चौथ्या दिवसापासून साल सुकून आकसते. तेव्हा दिवसातून दोनदा पुरते. आठव्या-नवव्या दिवसानंतर एकदा चालते.

रात्रीची काळजी दिवसाइतकीच महत्त्वाची आहे. पहिल्या दोन रात्री माल ढिगात ओढू नये, कारण तो अजून ओला असतो. आहे तसा ठेवून वरून कोरडे बारदान किंवा हवा खेळेल असे झाकण घालावे. त्यानंतर मात्र दररोज सायंकाळी हळद ओढून ढीग करावा आणि ताडपत्रीने झाकावे. याने दव टळते, आणि आणखी एक फायदा होतो : दिवसा तापलेल्या हळकुंडांतील गाभ्याचे पाणी रात्रभर ढिगात सालीकडे सरकते आणि दुसऱ्या दिवशी ते सहज उडते. सकाळी ताडपत्री काढल्यावर ढीग हाताला किंचित दमट लागतो, ही चांगली खूण आहे. ढिगात कुबट वास आला किंवा ऊब जाणवली, तर मात्र माल ढीग करण्याजोगा वाळलेला नव्हता असे समजावे आणि त्या रात्री पसरूनच ठेवावा.

याप्रमाणे हळकुंडे साधारण १२ ते १५ दिवसांत वाळतात. बगल गड्ड्यांना आणखी काही दिवस लागतात आणि जेठ्या गड्ड्यांना त्याहून जास्त. गड्ड्यांचा थर वेगळा ठेवला असेल, तर हळकुंडे उचलताना गड्ड्यांची घाई होत नाही.

पाऊस आला तर

मार्चमधील वळीव हा सर्वांत मोठा धोका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हळद भिजली आणि लगेच ऊन पडले, तर नुकसान कमी होते, कारण तेव्हा ती तशीही ओलीच असते. अर्धवट किंवा जवळजवळ वाळलेली हळद भिजली, तर साल पाणी ओढून घेते, रंग काळवंडतो आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून ढगाळ हवेचा अंदाज आला की सर्वांत जास्त वाळलेला माल आधी छपराखाली न्यावा. प्रत्यक्षात घाईगर्दीत पुष्कळदा जवळचा ढीग आधी उचलला जातो. भिजलेला माल ताडपत्रीखाली दडपून ठेवू नये. शेडमध्ये पातळ पसरून पंखा लावावा, आणि तो उरलेल्या मालात पुन्हा मिसळू नये. बुरशीचा पांढरा-हिरवा थर पुसून किंवा पॉलिश करून जातो, पण बुरशीने तयार केलेले विष जात नाही. असा माल खाण्याच्या बाजारात पाठवू नये.

सोलर ड्रायर आणि गरम हवेचा ड्रायर

अतिनील किरणांना टिकणाऱ्या पारदर्शक पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा बोगदा उभारून केलेला सोलर ड्रायर धूळ, पाखरे आणि अचानक येणारा पाऊस या तिन्हींपासून वाचवतो. दुपारी आतील तापमान बाहेरपेक्षा बरेच वाढते, त्यामुळे वाळवण लवकर होते. मात्र त्याचा उपयोग हवा बाहेर काढण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. वरच्या बाजूला मोकळी वाट किंवा पंखा नसेल, तर पहिल्या दिवसांतील वाफ आतच फिरते, रात्री गार होऊन छतावर थेंब धरते आणि ते थेंब पुन्हा हळदीवर पडतात. माल नवीन असताना दिवसा दारे-खिडक्या पूर्ण उघड्या ठेवाव्यात आणि ओलावा निम्म्यावर आल्यावरच बंद करून तापमान वाढू द्यावे. तापमापक मालाच्या उंचीवर लावावा. छताजवळचे आकडे फसवे असतात.

गरम हवेच्या यांत्रिक ड्रायरमध्ये हवेचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. अख्ख्या हळकुंडांसाठी सुरुवात ५० अंशांच्या आसपास करून नंतर हळूहळू वाढवावी, म्हणजे साल आधी टणक होण्याचा दोष टळतो. दिवसभर चालवून रात्री यंत्र बंद ठेवले तरी चालते. त्या विश्रांतीत गाभ्याचा ओलावा बाहेर सरकतो आणि इंधन वाचते. लाकडाच्या धुराची हवा थेट मालावर सोडणारे स्वस्त ड्रायर घेऊ नयेत. धुराचा वास हळदीत मुरतो आणि तो कशानेही निघत नाही.

अख्ख्या हळकुंडांसाठी, कोरड्या हवेच्या भागात, यांत्रिक ड्रायरचा खर्च सहसा भरून येत नाही. कोकणासारख्या दमट हवेत, उशिराच्या काढणीत किंवा काप करून वाळवताना मात्र त्याचे पारडे जड होते.

काप करून वाळवणे

कच्ची किंवा हलकी वाफवलेली हळद चकत्या करून वाळवण्याची पद्धत पावडर आणि अर्क करणाऱ्यांमध्ये रूढ आहे. चकती पातळ असल्याने वाळण्याचा काळ दिवसांवरून तासांवर येतो आणि शिजवणीचा खर्च वाचतो. पण येथे पद्धतीचा फरक अख्ख्या हळकुंडांपेक्षा कितीतरी जास्त उठून दिसतो. चकतीचे दोन्ही पृष्ठभाग उघडे असतात, त्यांना सालीचे संरक्षण नसते. उन्हात ठेवल्या की वरचा थर भराभर विटतो आणि चकत्या पांढुरक्या दिसू लागतात. त्याच चकत्या सावलीत किंवा ५५ ते ६० अंशांच्या ड्रायरमध्ये वाळवल्या तर रंग स्पष्टपणे उजळ राहतो. तेलाची पेशी मात्र कापल्याने उघडी पडते, त्यामुळे सुगंधाचा काही भाग कोणत्याही पद्धतीत जातो, आणि उष्णता वाढवली तर जास्त जातो. न शिजवलेल्या चकत्यांच्या पावडरीला कच्चट वास राहतो, जो भाजी-आमटीत रोज हळद घालणाऱ्या गिऱ्हाइकाला पसंत पडत नाही. म्हणून विक्री कोणाला करायची हे ठरवल्याशिवाय चकत्यांच्या मागे लागू नये. बाजार समितीच्या सौद्यात हळकुंडच चालते.

वाळली हे कसे ओळखावे

जुनी खूण अशी की पुरती वाळलेली दोन हळकुंडे एकमेकांवर आपटली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो आणि मोडताना हळकुंड वाकत नाही, कट्कन तुटते. ही खूण भरवशाची आहे, पण ती वरचा थर टणक झालेल्या हळदीतही कधी कधी मिळते. म्हणून सोबत वजनाची परीक्षा ठेवावी. शिजवणीनंतर लगेच मध्यम जाडीची एक किलो हळकुंडे जाळीच्या पिशवीत भरावीत, पिशवी मालाच्या थरातच पुरून ठेवावी आणि दररोज सायंकाळी वजन करून वहीत लिहावे. सुरुवातीला वजन भरभर उतरते, मग रेंगाळते. सलग तीन दिवस वजनात जाणवण्याजोगा फरक पडला नाही, आणि पिशवीतील सर्वांत जाड हळकुंड मोडल्यावर गाभा कोरडा दिसला, की माल तयार समजावा. अंदाज पडताळण्यासाठी एक हिशेब : शिजलेल्या हळदीत ७८ टक्के पाणी असेल, तर एका किलोचे १० टक्के ओलाव्याला सुमारे २४५ ग्रॅम उरतात. आपल्या मालातील पाणी कमीजास्त असेल तर हा आकडा बदलेल, पण पिशवी अजून साडेतीनशे ग्रॅमवर असताना कोणी 'झाली' म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नये.

भारतीय अन्न सुरक्षा मानकांनुसार अख्ख्या हळदीत १२ टक्क्यांपर्यंत आणि पावडरीत १० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो; पावडरीत कर्क्युमिनॉइडचे, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जोडीच्या रंगद्रव्यांचे, प्रमाण किमान २ टक्के असावे लागते. थोडा ओलावा ठेवला की वजन जास्त भरते, हा मोह सर्वांनाच असतो. वर धरलेल्या एकरी हिशेबात १० ऐवजी १४ टक्क्यांवर माल उचलला तर साधारण एक क्विंटल वजन वाढते. पण १४ टक्क्यांचा माल दोन महिने ठेवायचा झाला तर त्यातील बुरशीचा धोका त्या एका क्विंटलच्या किमतीत बसत नाही. काढणीनंतर लगेच विकणाऱ्यालाही फारसा लाभ होत नाही, कारण सराईत खरेदीदार मोडून पाहतो आणि ओलाव्याची कपात भावातच करतो.

पॉलिश

वाळलेल्या हळदीची साल खडबडीत, मळकट असते. जाळीचा किंवा पत्र्याचा ड्रम फिरवून हळकुंडे एकमेकांवर घासली की साल, मुळ्या आणि माती सुटते आणि काही टक्के वजन घटते. पॉलिशच्या शेवटी थोडी हळदपूड पाण्यात कालवून शिंपडतात, त्याने वरचा रंग सारखा दिसतो. असे केले तर माल पुन्हा एक दिवस सावलीत वाळवूनच पोत्यात भरावा, कारण शिंपडलेले पाणी दिसायला कमी असले तरी पोत्याच्या मध्यभागी ते साचून राहते.

याच टप्प्यावर काही ठिकाणी लेड क्रोमेट हे पिवळे, शिसेयुक्त रसायन वापरले जाते. वाळवणीशी त्याचा संबंध थेट आहे. बांगलादेशात ही प्रथा १९८० च्या दशकात एका मोठ्या पुरानंतर सुरू झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे : पुरामुळे हळद नीट वाळली नाही, निस्तेज पडली, आणि तो रंग झाकण्यासाठी रसायन आले. २०१९ मध्ये हे प्रकरण उघडकीस आल्यावर तेथील सरकारने कारवाई केली आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांत ते सापडेनासे झाले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. आपल्या मानकांनुसार हळदीत लेड क्रोमेट मुळीच चालत नाही, आणि पॉलिश बाहेरून करून घेणाऱ्या शेतकऱ्याने रंगासाठी काय वापरले जाते हे समोर उभे राहून पाहावे.

साठवण

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालील पेवांत ठेवण्याची मोठी परंपरा होती. घट्ट मातीत खोल खणलेल्या या कोठारांचे तोंड बंद केले की आत हवा राहत नसे, त्यामुळे कीड जगत नसे आणि रंग वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कंदील सोडून पाहत आणि हवा खेळल्यावरच माणूस जाई. २००५ च्या महापुरात यांपैकी बहुसंख्य पेवांत पाणी शिरले आणि ही पद्धत जवळपास मोडली. तिच्यामागचे तत्त्व मात्र आजही लागू पडते : कोरडा माल, अंधार, आणि हवेचा कमीत कमी संपर्क.

घरच्या साठवणीसाठी ज्यूटच्या पोत्यात आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून माल भरावा आणि तोंड घट्ट बांधावे. ही पद्धत केवळ पुरत्या वाळलेल्या हळदीसाठी आहे; ओलसर माल असा बंद केला तर तो उघड्या पोत्यापेक्षा लवकर बिघडतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि खते, कीटकनाशके किंवा कांदा-लसूण त्याच खोलीत ठेवू नयेत. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा प्रत्येक थप्पीतील एक पोते उघडून पाच-सहा हळकुंडे मोडून पाहावीत. बारीक गोल भोके आणि तळाशी पिवळी भुकटी दिसली तर कीड लागली आहे. अशा वेळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या परस्पर आणून राहत्या घरात वापरणे जिवावर बेतते. धुरीचे काम परवानाधारक माणसाकडून, माणसांचा वावर नसलेल्या गोदामातच करून घ्यावे. कीड किरकोळ असेल, तर पोते रिकामे करून माल चाळावा, एक-दोन दिवस सावलीच्या वाऱ्यात पसरावा आणि नव्या पोत्यात भरावा. जुने पोते पुन्हा वापरायचेच असेल तर ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवून घ्यावे.